हातात दिलेली चावी

कल्पना करा, तुम्ही काचेच्या एका मोठ्या दालनात उभे आहात. फरशी इतकी चकचकीत की तिच्यात तुमचाच चेहरा उलटा दिसतोय. शेजारी नवीकोरी गाडी. दार ढकलून एक अनोळखी माणूस आत येतो. तो गाडीकडे बघतो, पण तुमच्याकडे बघायचं टाळतो. आता तुम्हाला त्याच्याजवळ जाऊन पहिलं वाक्य बोलायचं आहे. ते ऐकून तो पळून जाता कामा नये, आणि घराखालोखालची आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी त्यानं तुमच्या शब्दावर करायला हवी. बोला, काय बोलाल?

पोस्टरताई गाडी विकायला उभी राहिली, त्या पहिल्या दिवशी बोलली, "काही मदत हवी आहे का?" माणूस म्हणाला, "नाही." आणि संवाद तिथंच संपला.

पोस्टरताई हे नाव तिला शोरूममधल्या विक्रीच्या पोरांनी दिलेलं. खरं तर पोस्टर लावणं हे तिचं काम कधीच नव्हतं. ती कॉम्प्युटरची इंजिनिअर. जाहिरात कुठे दाखवायची, कोणत्या वयाच्या माणसाला दाखवायची, त्यानं ती बोटानं वर सरकवली की थांबून वाचली, हे सगळं ती वरच्या मजल्यावरच्या छोट्या केबिनमध्ये बसून पडद्यावर बघायची. आलेखाची रेघ वर गेली की तिचा दिवस चांगला जायचा. खालच्या मजल्यावर गाड्या विकल्या जातात हे तिला ठाऊक होतं, पण समुद्राचा तळ कसा असतो हे आपल्याला ठाऊक असतं, तितपतच.

तिची सगळ्यात गाजलेली जाहिरात दोन वाक्यांची होती. 'नुसतं बघायला या. कोणी काही विचारणार नाही.' बाजूला रिकाम्या शोरूमचा फोटो. ही जाहिरात आली आणि रविवारी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा उरेना. विक्रीतला सगळ्यात जुना माणूस, ज्याला सगळे डिस्काउंट म्हणत, तो जिन्यात भेटला की हात जोडायचा आणि म्हणायचा, "पोस्टरताई, तुमच्या कृपेनं गर्दी झाली, पण सगळे बघूनच चाललेत. आता एक जाहिरात 'घ्यायला या' म्हणूनही करा की." ती हसायची. मनात म्हणायची, ते तुझं काम.

मग मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की तिन्ही शाखांच्या मार्केटिंगला मिळून एक प्रमुख नेमायचा. दोनच नावं होती, तिचं आणि डिस्काउंटचं. तिला वाटलं, यात विचार कसला करायचा? एकाला जाहिरातीतलं कळतं, दुसऱ्याला नाही. पण साहेब स्वतः तरुणपणी जुन्या गाड्या विकत फिरलेले. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं की ज्यानं कधी गिऱ्हाईकाचा 'नाही' तोंडावर ऐकला नाही, त्याच्या हातात मी मार्केटिंग देणार नाही. तिला फार नको, एक गाडी विकायची होती. स्वतः, खाली विक्रीच्या फ्लोअरवर उभं राहून, फक्त एक गाडी. महिन्याभरात ती विकली गेली तर खुर्ची तिची. नाही तर डिस्काउंट प्रमुख, आणि ती त्याच्या हाताखाली.

बाहेर आल्यावर तिला भीती वाटली. ती डिस्काउंटच्या हाताखाली जाण्याची नव्हती. ती फार जुनी होती.

ती लहान असताना आई दारोदार प्लॅस्टिकचे डबे विकायची. हवाबंद झाकणाचे, एकात एक बसणारे. सुट्टीच्या दिवशी पोरीला घरी एकटं ठेवायला नको म्हणून आई तिला बरोबर न्यायची. आई बेल वाजवून हसरा चेहरा करायची, आणि पोरगी फाटकापाशीच थांबून रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. आपल्या वर्गातलं कोणी त्या घरात राहत असेल तर? एकदा खरंच दार उघडलं ते वर्गातल्या मुलीनं. ती आत ओरडून म्हणाली, "आई, डबेवाली आलीय." त्या दिवसानंतर तिनं फाटकापासून आणखी लांब उभं राहायला सुरुवात केली. पुढे शिकताना तिनं निवडलेली प्रत्येक गोष्ट अशी होती की जिच्यात कुणाच्या दाराची बेल वाजवावी लागणार नाही. जाहिरात तिला म्हणून तर आवडायची. माणूस आपणहून यायचा आणि नको असेल तर बोटानं सरकवून टाकायचा. तोंडावर दार कोणी लावत नसे.

आता ती फ्लोअरवर उभी होती. कंपनीचा कोट घालून, छातीवर बिल्ला लावून.

पहिले काही दिवस कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. एका जोडप्याला तिनं इंजिनाची इतकी तपशीलवार माहिती दिली की नवरा मध्येच फोन आल्याचं नाटक करून बाहेर पडला. फोन उलटा धरला होता. एका तरुणाला तिनं सगळी गाडी दाखवली, आणि मग कळलं की तो शेजारच्या बँकेतला कर्मचारी, पाणी प्यायला आलेला. डिस्काउंट लांबून बघायचा. चहाच्या वेळी तिच्या शेजारी बसून तो म्हणाला, "तुम्ही गाडी विकताय की परीक्षा देताय?" तो वाईट माणूस नव्हता. त्यानं दोनदा स्वतःचं गिऱ्हाईक तिला देऊ केलं. तिनं नाही म्हटलं. त्याचं गिऱ्हाईक घेऊन त्याचीच खुर्ची घ्यायची, एवढी बेशरम ती नव्हती. निदान तेव्हा तिला तसं वाटलं.

मुदत संपत आली आणि एका रविवारी ते काका आणि काकू आले.

खरं म्हणजे ते दर रविवारी यायचे. तिची जाहिरात आल्यापासून. काका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, खिशाला कायम पेन्सिल. काकूंचा गुडघा दुखायचा, त्यामुळे त्या आल्या आल्या सोफ्यावर बसायच्या आणि काका मधोमध ठेवलेल्या एका निळ्या गाडीभोवती हळूहळू फिरायचे. तिच्या बॉनेटवर वरच्या दिव्यांचा उजेड कसा वळतो ते वाकून बघायचे. कधी काकूंना हाक मारून म्हणायचे, "ही रेघ बघ. हात न उचलता काढलीय." मग दोघं यंत्रातला फुकटचा चहा घ्यायचे आणि निघून जायचे. विक्रीची पोरं त्यांच्याकडे फिरकत नसत. ते 'बघणारे' होते.

त्या रविवारी मात्र तीच त्यांच्याकडे गेली, कारण बाकी सगळ्या गिऱ्हाईकांजवळ आधीच कोणी ना कोणी उभं होतं.

काकू हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे छान आहे हो. कोणी काही विचारत नाही." जाहिरातीतलं तिचंच वाक्य. तिला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, कारण ती विचारायलाच आली होती. पण विचारायचं काय, ते सुचेना. आणि मग, कोणी आतून हात धरून करवून घ्यावं तसं, तिनं कोटाच्या खिशातून निळ्या गाडीची चावी काढली आणि काकांच्या हातावर ठेवली.

"धरून तर बघा," ती म्हणाली.

हे तिनं आईकडून उचललं होतं. फाटकापाशी पाठ करून उभी असतानाही ती मधूनमधून मान वळवून बघायची. आई बोलत बोलत डबा बाईच्या हातात द्यायची. आणि मग, हे तिनं कितीदा तरी पाहिलं होतं, बाई डबा परत पुढे करायची तेव्हा आई तो घ्यायची नाही. हात पुढे करायचीच नाही. बोलत राहायची. बाई डबा धरून उभी. इतकं बघून ती पुन्हा रस्त्याकडे तोंड करायची. पण ती आईची युक्ती तिच्या डोक्यात पक्की बसली होती. वस्तू हातात गेली की परत घ्यायची नाही.

काकांनी चावी उलटीसुलटी करून बघितली. "छान आहे," ते म्हणाले आणि चावी तिच्यापुढे धरली.

तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

काकांचा हात हवेत तसाच राहिला. ते घोटाळले. मग त्यांनी हात खाली घेतला, चावीसकट. ती बोलत राहिली, रंगाबद्दल, त्या रेघेबद्दल. गाडीत बसून बघा म्हणाली. काका बसले. एक फेरी मारून येऊ म्हणाली. तेव्हा काका म्हणाले की तुमचा माणूसच चालवू दे, आज मी नको. तिला वाटलं, म्हातारा माणूस, नवी गाडी, बुजला असेल. शोरूमच्या ड्रायव्हरनं फेरी मारून आणली. काकू मागच्या सीटवर गुडघा लांब करून बसल्या होत्या आणि खरंच खूश दिसत होत्या. परत आल्यावर काकांनी दुसऱ्यांदा चावी पुढे केली. तिनं तेवढ्यात चहाचे कप आणायला पाठ वळवली.

ती परतली तेव्हा दोघं हलक्या आवाजात बोलत होते. काकू म्हणत होत्या की मुलगा कधीपासून म्हणतोय घ्या म्हणून. काका म्हणाले, "बाई किती करतायत आपल्यासाठी. दर रविवारी फुकट चहा पितो आपण." आणि तिच्याकडे बघून, थोडं ओशाळं हसून, त्यांनी विचारलं की मग पुढे काय करायचं असतं.

तिनं बुकिंग करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फ्लोअरनं टाळ्या वाजवल्या. डिस्काउंटनं स्वतःच्या खर्चानं सगळ्यांना केक खिलवला आणि म्हणाला, "पोस्टरताई, तुम्ही बघणाऱ्यांना गाडी विकलीत. हे आम्हाला जन्मात जमलं नसतं." साहेबांनी सकाळच्या बैठकीत तिला सगळ्यांसमोर उभं केलं, कसं विकलंत ते सांगा म्हणाले. तिनं सांगितलं. चावी हातात द्यायची आणि परत घ्यायची नाही. बोलताना तिला स्वतःचाच हेवा वाटला. साहेबांनी ते तिथल्या तिथं नव्या पोरांच्या शिकवणीत घालायला सांगितलं. बैठक सुटायच्या आत दोन पोरं एकमेकांना चावी देऊन हात पाठीमागे बांधायचा सराव करत होती.

गाडी द्यायच्या दिवशी निळ्या गाडीला मोठी रिबन बांधली होती. पुठ्ठ्याची भलीमोठी चावी, फोटोवाला, गोल करून उभे राहिलेले सगळे. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काकूंनी नवी चप्पल घातली होती. फोटो झाले. रिबन ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि साहेब म्हणाले, "चला, बसा आता आपल्या गाडीत."

काकू मागच्या दाराकडे गेल्या आणि गुडघा सांभाळत आत बसल्या. काका पुढून वळसा घालून गेले, त्यांनी दार उघडलं आणि आत बसले. चालकाच्या शेजारच्या सीटवर. पट्टा लावला. दोघंही समोर बघत, हसऱ्या चेहऱ्यानं, थांबले.

टाळ्या विरळ होत गेल्या. स्टिअरिंगमागची सीट रिकामी होती. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. काकांनी काच खाली केली आणि तिला अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडचे कोणी सोडतील ना घरापर्यंत? मोतीबिंदूनंतर मी चालवणं सोडलंय. हिला तर येतच नाही."

तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिनं त्यांना काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. गाडी कोण चालवणार, हे सुद्धा. जाहिरातीतला शब्द तिनं नेमका तिथं पाळला होता, जिथं पाळायचा नव्हता.

शोरूमचा ड्रायव्हर धावत आला, सीटवर बसला, गाडी बाहेर पडली. पुन्हा टाळ्या वाजल्या, पहिल्यापेक्षा जास्त जोरात, कारण सगळ्यांनाच काहीतरी झाकायचं होतं.

डिस्काउंट तिच्याजवळ आला. आज तो थट्टा करत नव्हता. "चालवणार कोण, हे विचारलं नव्हतंत?" त्यानं विचारलं.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "ड्रायव्हर ठेवणार आहेत."

त्यानं मान हलवली. त्याला खरं वाटलं की नाही, हे तिला कळलं नाही. त्याच आठवड्यात ती मार्केटिंगची प्रमुख झाली, आणि त्यानं पहिला अभिनंदनाचा हात पुढे केला. तो हात तिच्यानं धरवेना, पण धरला.

आई तिच्याकडेच राहायची. खुर्ची मिळाली म्हणून आईनं शेजारीपाजारी सांगून झालं होतं. एका दुपारी आई मटार सोलत बसली होती आणि ती तिच्या समोर, हाताला येईल तेवढी शेंग मोडत. बोलता बोलता तिनं आईला विचारलं की तू डबा परत का घ्यायची नाहीस, ही युक्ती तुला कोणी शिकवली होती.

"कसली युक्ती?" आई म्हणाली.

"अगं, बायका डबा परत द्यायच्या तेव्हा तू हात पुढे करायची नाहीस. मी बघायचे ना."

आईला आठवायला वेळ लागला. मग ती हसायलाच लागली. "वेडी की काय तू? डबा दाखवायला दिला की पिशव्या पुन्हा उचलायचे मी, दोन्ही हातांत. या हातात एक, त्या हातात एक. डबा घेऊ कुठल्या हातानं? त्याच टाकायच्या पिशवीत, आणि मग मी पुढच्या दारी. दहांतल्या नऊ जणी परतच द्यायच्या. विकला गेला असता तर इतकी पायपीट कशाला केली असती?" आणि सोललेले दाणे भांड्यात ढकलत, सहज, कसलाही राग न ठेवता ती म्हणाली, "तू तिकडे तोंड करून उभी असायचीस. तुला काय दिसणार?"

आईला ते माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. पोरगी आपल्याला लाजते, म्हणून रस्त्याकडे बघते, हे तिला कळत होतं आणि तरी ती बेल वाजवून हसरा चेहरा करत होती. पोस्टरताईची मान वर होईना. जी गोष्ट शरमेनं तिनं नीट बघितलीसुद्धा नव्हती, तिचं अर्धंच दृश्य घेऊन तिनं एका भल्या माणसाला गाडी गळ्यात मारली होती. आणि तेच आता नव्या पोरांना शिकवलं जात होतं, तिच्या नावानं.

पुढच्या रविवारी, गाडीबद्दल समाधानी आहात ना, हे विचारायला आले, असं निमित्त करून ती काकांच्या घरी गेली. मनाशी वाक्य पाठ केलं होतं. काका, तुम्हाला नको असेल तर मी साहेबांशी बोलते, खुर्ची गेली तरी चालेल. हे शेवटचं खरंच चालेल का, हे तिनं मनाला विचारलं नव्हतं.

घर बैठं होतं. बाजूला पत्र्याच्या छपराखाली निळी गाडी. कापडी आच्छादन अर्धंच मागे सारलेलं, त्यामुळे फक्त बॉनेट उघडं. काका समोर स्टुलावर बसून चित्र काढत होते. काकू मागच्या सीटवर, दार उघडं टाकून, गुडघा लांब करून, हातात चहाचा कप.

"या, या," काका म्हणाले. "बसा गाडीत. आमचा दिवाणखाना आहे हा."

ती काकूंच्या शेजारी बसली. ड्रायव्हर मिळाला का, असं तिनं विचारलं. पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा कधीमधी येतो, काकू म्हणाल्या, दवाखान्यात न्यायला बरा पडतो. मग त्यांनी कप खाली ठेवला. "रविवारी मात्र आता आम्ही तुमच्याकडे येत नाही. गाडी घेतली ना. घेतलेल्यानं पुन्हा नुसतं बघायला यायचं म्हणजे कसंसंच वाटतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तक्रार असती तर तिला सोपं गेलं असतं.

"काका, गाडी आवडली ना?" तिनं विचारलं. पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं.

काकांनी पेन्सिल खाली ठेवून गाडीकडे बघितलं. "छान आहे," ते म्हणाले.

हेच दोन शब्द ते त्या दिवशी शोरूममध्ये बोलले होते, चावी तिच्यापुढे धरताना. आवाजही तोच, तसाच मऊ. ते खरंच गाडीला छान म्हणत होते, की समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोलायची त्यांची ती रीतच होती, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आत्ताही कळेना. गिऱ्हाईकाचा 'नाही' तोंडावर ऐकायचा असतो, असं साहेब म्हणाले होते. पण ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याचा कुठे ऐकायचा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

तिनं चहा संपवला, निरोप घेतला आणि फाटकापर्यंत आली. तिथं ती थांबली. रस्त्याकडे तोंड, पाठीमागे घर, अगदी लहानपणी उभी राहायची तशीच. मागे काकांच्या पेन्सिलीची खरखर पुन्हा सुरू झाली होती. या वेळी तिनं अर्धीमुर्धी मान न वळवता पूर्ण वळून बघितलं. काका चित्रात गुंतले होते, आणि तिच्या ओठांपर्यंत तो प्रश्न आला होता, जो ती त्यांना अजून विचारू शकलेली नाही: काका, त्या दिवशी तुम्ही दोनदा चावी परत देत होतात, ती मी घेतली असती, तर आज, रविवारी, तुम्ही दोघं कुठे असता?